नागपूरला हवी आहे १८० खुर्च्यांची खोली

रॉक संगीतातला एखादा जुना गीतकार-गायक, म्हणजे स्वतःचे शब्द स्वतःच्या चालीत बांधून चाळीस-पन्नास वर्षं गात आलेला माणूस, उद्या नागपूरला आला तर त्याला गायला बसवायचं कुठे? शहराकडे आज दोनच उत्तरं आहेत. एक, मैदान किंवा मोठं सभागृह. दुसरं, एखाद्या हॉटेलातल्या टेबलांमधला कोपरा. पहिल्या ठिकाणी तो दिसतो, पण त्याचे शब्द पोचत नाहीत. दुसऱ्या ठिकाणी शब्द पोचू शकले असते, पण समोरचे लोक जेवायला आलेले असतात. तिसरी जागा उभी करायला हवी. सुमारे १८० खुर्च्या, चांगला आवाज, तिकीट काढून आलेले श्रोते आणि गाणं चालू असताना बंद असलेलं स्वयंपाकघर. ही जागा महानगरपालिकेने किंवा एखाद्या सार्वजनिक सांस्कृतिक संस्थेने करावी, असं मी मुद्दाम म्हणतो. खासगी मालकाला १८० खुर्च्यांचा महिन्याचा हिशोब दारू-जेवणाशिवाय जुळवता येत नाही, आणि एकदा धंदा टेबलांवर आला की गाणं भिंतीवरच्या टीव्हीसारखं होतं.

‘क्लब’ म्हटलं की आपल्याकडे दारू आणि धिंगाणा डोळ्यांपुढे येतो. ज्या क्लबांनी गीतकारांना मोठं केलं ते तसे नव्हते. अमेरिकेत नॅशव्हिलचा ‘ब्लूबर्ड कॅफे’ १९८२ पासून चालू आहे. तिथे जेमतेम ९० माणसं बसतात, गीतकार खोलीच्या मधोमध गोल करून आळीपाळीने आपापली गाणी गातात, आणि मध्ये बोलणाऱ्याला गप्प बसायला सांगितलं जातं. न्यूयॉर्कचा ‘बॉटम लाइन’ १९७४ ते २००४ चालला, त्याच्या खुर्च्या ४००. रॉक गीतकार-गायक ब्रूस स्प्रिंगस्टीनने १९७५ च्या ऑगस्टमध्ये पाच दिवसांत दहा कार्यक्रम तिथेच केले. आणि २०१७ मध्ये, जगातली स्टेडियमं भरवून झाल्यावर, तो न्यूयॉर्कमधल्या हजाराच्या आत खुर्च्या असलेल्या नाट्यगृहात गिटार आणि पियानो घेऊन एकटा बसला. त्याला गर्दी कमी पडली होती म्हणून नक्कीच नाही.

नागपूरला ही कल्पना परकी वाटण्याचं कारणही नाही. स्वतः लिहिलेलं स्वतः म्हणणारा माणूस आणि समोर कान देऊन बसलेली शे-दीडशे माणसं, हे या शहराचं जुनं चित्र आहे. सुरेश भट (१९३२–२००३) महफिलीत आपली गझल तरन्नुममध्ये म्हणत, तेव्हा एका शेरानंतर पुढचा शेर येईपर्यंतची शांतता हाही त्या गझलेचा भाग असे. उत्तर नागपूरच्या वस्त्यांमध्ये आंबेडकरी गाणी रात्र-रात्र ऐकली गेली. वामनदादा कर्डकांसारखा शाहीर समोर बसलेल्या माणसांचे चेहरे बघत गायचा. आज रेशीमबागेत भटांच्या नावाने सुमारे दोन हजार खुर्च्यांचं देखणं सभागृह उभं आहे. मोठ्या नाटकासाठी, संमेलनासाठी, वाद्यवृंदासाठी ते हवंच. पण ज्या प्रकारच्या बैठकीतून भट घडले, तिच्यासाठी शहरात नीट बांधलेली एकही सार्वजनिक खोली नाही.

आता म्हाताऱ्या गळ्याकडे येऊ, कारण सगळा वाद तिथून सुरू होतो. वय वाढतं तशा स्वरतंतूंचे स्नायू पातळ होत जातात आणि फुप्फुसांचा लवचिकपणा कमी होतो. वरच्या पट्टीतले सूर आधी जातात, श्वास आखूड होतो, लांब ओळ मध्येच तोडावी लागते. म्हणून साठीपुढचे बहुतेक गायक जुनी गाणी दोन ते चार अर्धस्वर खाली उतरवून गातात. गिटार एक स्वर सैल लावतात किंवा कॅपो (तारा दाबून पट्टी चढवणारा चिमटा) खाली आणतात. पण गाणं उतरवलं की एक नवीच अडचण उभी राहते. गायकाचा आवाज आता गिटारच्या पोटाच्या आणि बास गिटारच्या वरच्या सुरांच्या जागेत, म्हणजे साधारण १५० ते ३०० हर्ट्झच्या पट्ट्यात येऊन बसतो, आणि साथ तशीच दाट ठेवली तर तो त्यात बुडतो. साथ विरळ करणं हाच त्यावर इलाज. आणि विरळ साथ फक्त लहान खोलीतच भरते. मैदानावर तीच साथ रिकामी वाटते, मग आयोजक म्हणतो की ड्रम वाढवा, आणि ड्रम वाढले की गळा संपला.

या उतरलेल्या, खरखरीत आवाजात जे मिळतं ते तिशीतल्या आवाजात नसतं. पंचविशीत रागाने लिहिलेली ओळ तोच माणूस सत्तरीत म्हणतो तेव्हा तिचा जोर दुसऱ्याच शब्दावर पडतो. हे कळायला त्याचा श्वास ऐकू यावा लागतो. शिलाँगचे गायक लू माजॉ १९७२ पासून दर २४ मे रोजी बॉब डिलनच्या वाढदिवसाला त्याची गाणी गातात. दिल्लीच्या ‘इंडियन ओशन’ या बँडचे राहुल राम नर्मदा आंदोलनात काही वर्षं काम करून मग पूर्णवेळ संगीताकडे वळले. अशा माणसांची दोन गाण्यांमधली चार वाक्यंसुद्धा ऐकण्यासारखी असतात. महाविद्यालयाच्या महोत्सवात ती चार वाक्यं शिट्ट्यांत जातात. तरुणांचा त्यात दोष नाही, मैदान हे नाचायचंच ठिकाण आहे.

खोलीचा हिशोब मी जरा विस्ताराने मांडतो, कारण ‘हॉल तर आहेत की’ हे उत्तर नेहमी मिळतं. समजा एखादं समाजभवन १८ मीटर लांब, ११ मीटर रुंद आणि ५ मीटर उंच आहे. घनफळ ९९० घनमीटर. भिंती प्लास्टरच्या, फरशी टाइल्सची, वर स्लॅब. अशा रिकाम्या खोलीत टाळी वाजवली तर तिचा घुमारा पूर्ण विरायला सहा सेकंदांच्या आसपास लागतात. १८० माणसं बसली की कपडे आणि शरीरं आवाज शोषतात, घुमारा दीड सेकंदावर येतो. भजनाला हे चालतं. ताल धरून शब्द सांगणाऱ्या, विजेच्या वाद्यांवरच्या गाण्याला ०.६ ते ०.८ सेकंद लागतो. दीड सेकंदात आधीचा शब्द पुढच्या दोन शब्दांवर सांडत राहतो. तो ०.८ वर आणायला या खोलीत सुमारे १०० चौरस मीटर पृष्ठभागावर १०० मिलिमीटर जाडीचं रॉकवूल (दगडापासून केलेली लोकर) लावावं लागेल. ते भिंतीला चिकटवायचं नाही, मागे ५० ते १०० मिलिमीटर पोकळी सोडायची आणि वरून जाड कापड ताणायचं. पातळ कापूस किंवा गालिचा लावला तर फक्त वरचे सूर मरतात आणि बासचा घुमारा तसाच राहतो. मग खोली कोंदट आणि गढूळ दोन्ही वाटते. आपल्या शहरातल्या कितीतरी ‘साऊंडप्रूफ’ म्हणवणाऱ्या हॉलची हीच तक्रार आहे.

त्यातही पहिली मागची भिंत. गायकाच्या तोंडापासून ती १६ मीटरवर असेल तर त्याचा शब्द तिच्यावर आपटून त्याच्याच कानात सुमारे ९५ मिलिसेकंदांनी परत येतो. गाणाऱ्याची लय त्याने नकळत मागे ओढली जाते. ड्रमवाला वेगळ्या लयीत, गायक वेगळ्या, आणि श्रोता म्हणतो की म्हातारा आता लयीत राहत नाही.

अंड्यांचे ट्रे लावू नयेत, त्यांनी फारसं काही शोषलं जात नाही. पॅकिंगचा फोम तर अजिबात नको. अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंडमध्ये २००३ साली एका लहान क्लबात मंचावरच्या आतषबाजीने भिंतीवरचा असाच फोम पेटला आणि १०० माणसं गेली. रॉकवूल जळत नाही. शिवाय दोन वेगवेगळ्या बाजूंना बाहेर उघडणारे दरवाजे हवेत, आणि कार्यक्रमाच्या वेळी त्यांना कुलूप नको. ‘फुकटे घुसतात’ म्हणून मागचं दार बंद करायची आपल्याकडे जी सवय आहे, ती या खोलीत एकदाही चालवून घेऊ नये.

मंचावरचा आवाज ही पुढची गोष्ट. एवढ्या खोलीत उघडा ड्रमसेट जोरात वाजला तर माइकशिवायच १०० डेसिबलच्या जवळ जातो. गायकाला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही, तो मॉनिटर (गायकाकडे तोंड केलेला स्पीकर) वाढवायला सांगतो, मॉनिटरचा आवाज माइकमध्ये शिरतो, शिट्टी वाजते, साऊंडवाला माइक कमी करतो, गायक ओरडू लागतो. चौथ्या गाण्यापर्यंत सत्तरीचा गळा बसतो. म्हणून इथे सुरुवात ड्रमपासून करावी लागते. १८ किंवा २० इंची बासड्रम, काठ्यांऐवजी ब्रश किंवा बांबूच्या जुड्या. गिटारचा अँप्लिफायर १५ वॉटचा पुरतो. तो जमिनीवर न ठेवता खुर्चीवर, वाजवणाऱ्याच्या कानाकडे तिरका करून ठेवायचा. जमिनीवर ठेवला की वाजवणाऱ्याच्या गुडघ्यांना ऐकू येतो आणि पहिल्या रांगेतल्या माणसाच्या कानात घुसतो. पूर्ण वाद्यवृंदाला खोलीच्या मध्यावर ८५ ते ९० डेसिबल, एकट्या गिटारवर ७५ ते ८० एवढं बस झालं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये अशा जागांसाठी १५ मिनिटांच्या सरासरीला १०० डेसिबलची वरची हद्द सांगितली आहे. आपण तिच्या खूप खाली राहूनही गाणं भरभरून ऐकवू शकतो.

साऊंडवाल्यांबद्दल स्पष्ट बोललं पाहिजे. नागपुरात कष्टाळू, तयारीची माणसं या धंद्यात आहेत. पण त्यांचा हात ऑर्केस्ट्रा, लग्न आणि डीजेवर बसलेला आहे. माइक हातात आला की ‘इको’ चालू, ही त्यातली सर्वांत घातक सवय. निवेदकाला आणि जुन्या सिनेगीतांना तो इको शोभतो, लोकांना आवडतोही. गीतकाराच्या गाण्यात तीनशे मिलिसेकंदांनी परत येणारा शब्द पुढच्या शब्दाचा गळा घोटतो. इथे डिले, म्हणजे तो परत येणारा शब्द, पूर्ण बंद; फार तर एक सेकंदाचा हलका रिव्हर्ब, म्हणजे खोलीसारखा घुमारा. आवाजाच्या चॅनलवर १०० हर्ट्झच्या खालचं सगळं कापायचं, २५० ते ४०० हर्ट्झमध्ये दोन-तीन डेसिबल उतरवायचे. ‘च’, ‘ट’, ‘स’ ही व्यंजनं २ ते ६ किलोहर्ट्झमध्ये राहतात, तिथे हात लावायचा नाही.

साऊंड चेकचा क्रमही उलटा करावा लागेल. आपल्याकडे पहिला तास ड्रमच्या ‘धप धप’वर जातो आणि गायकाला शेवटची दहा मिनिटं मिळतात. इथे आधी फक्त गायकाचा माइक आणि त्याचा मॉनिटर. मॉनिटर हळूहळू वाढवत शिट्टी ज्या तीन-चार जागी वाजते त्या ३१ पट्ट्यांच्या इक्वलायझरवर कापून टाकायच्या. मग गिटार, डीआय बॉक्समधून (गिटारचा सिग्नल थेट मिक्सरला देणाऱ्या डबीतून), नवी नऊ व्होल्टची बॅटरी घालून. त्यानंतर बाकीचे, एकेक करून, आणि प्रत्येक नवं वाद्य आलं की गायकाला एकच प्रश्न: तुमचा शब्द तुम्हाला अजून ऐकू येतो का? ज्या वाद्याने उत्तर ‘नाही’ असं येतं, ते वाद्य कमी करायचं.

विजेची बाब लहान दिसते, पण जिवावरची आहे. लाइटच्या डिमरची लाइन आणि साऊंडची लाइन वेगळी हवी, नाहीतर गिटारच्या पिकअपमधून सतत गुणगुण येते. ही गुणगुण घालवायला प्लगची अर्थिंगची पिन तोडणारे लोक आहेत. असं केलं की गिटारच्या तारा आणि माइकची जाळी यांच्यात पूर्ण दाब येऊ शकतो, आणि गायकाचे बोट तारेवर व ओठ जाळीला असतात. गुणगुण डीआय बॉक्सच्या ग्राउंड लिफ्टने घालवायची असते. ते बटण सिग्नलच्या तारेची जमीन सोडवतं, विजेच्या अर्थिंगला हात लावत नाही. कार्यक्रमाआधी मल्टिमीटरचं एक टोक तारेला, दुसरं जाळीला लावून बघावं. दोन-तीन व्होल्टच्या वर काहीही दिसलं तर कार्यक्रम थांबवावा. आणि मंचाच्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लाइन तोडणारा स्विच) असल्याशिवाय या खोलीला परवानगीच देऊ नये.

मग आपला उन्हाळा. एप्रिल-मेमध्ये पारा ४५ च्या आसपास, हवेतला ओलावा दुपारी २० टक्क्यांच्या खाली. लाकडी गिटारला ४५ ते ५५ टक्के ओलावा मानवतो. कोरड्या हवेत तिचं पुढचं पातळ लाकूड आकसतं, चिरही जाते. कूलर लावले तर ओलावा एकदम चढतो, लाकूड फुगतं, आणि दोन मोठे कूलर म्हणजे ६० डेसिबलच्या आसपासचा गोंगाट आधीच खोलीत बसलेला. एकट्या गिटारवरचं गाणं त्याच्यावर चढवायला आवाज वाढवावा लागतो आणि सगळा बेतच मोडतो. म्हणून हंगाम ऑक्टोबर ते मार्च असा ठरवून टाकावा. बाहेरून आलेलं वाद्य पेटी न उघडता अर्धा तास खोलीत ठेवावं, मग सुरात लावावं.

खोली झाली, आवाज झाला, तरी कार्यक्रम बिघडवणारी एक गोष्ट उरते, आणि ती आपल्या रीतीत आहे. पहिल्या दोन रांगांत सोफे, त्यावर पाहुण्यांच्या नावाच्या चिठ्ठ्या, पाहुणे तासभर उशिरा. तोपर्यंत गायकासमोर रिकामे सोफे. मग दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, तीन भाषणं. साठीपुढच्या गळ्याला तापायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात, तो तयार होऊन बाजूला उभा राहतो आणि पाऊण तास सत्कारात थंड होतो. पहिली तीन गाणी फुकट जातात. या खोलीत राखीव रांग नको, पासही नकोत. पासाने आलेला माणूस मध्येच उठून जातो, कारण त्याचं काही गेलेलं नसतं.

पैशाचं गणित अवघड आहे, पण अशक्य नाही. ५०० रुपये तिकिटाने १८० खुर्च्यांचे ९०,००० होतात, १५० विकल्या गेल्या तर ७५,०००. माणशी ५०० रुपयांपर्यंतच्या तिकिटाला जीएसटीतून सूट आहे, वर गेलं की १८ टक्के. म्हणून ५०० हाच आकडा धरावा. एवढ्यात मुंबईहून तीन माणसं, त्यांचा मुक्काम, साऊंड आणि मानधन बसत नाही, जोवर कलाकार फक्त नागपूरसाठी येतो. पण हे शहर हावडा–मुंबई आणि दिल्ली–चेन्नई या दोन्ही रेल्वेमार्गांच्या फाट्यावर आहे. अमरावती दीडशे किलोमीटर, रायपूर तीनशेच्या आसपास, भोपाळ चारशेच्या आत. चार शहरांत मिळून आठवड्याचा दौरा बांधला तर प्रवासाचा खर्च चौघांत वाटला जातो. यासाठी कुणीतरी सहा महिने आधी तारखा जुळवत बसावं लागतं. हे काम एखाद्या पगारी माणसाचं आहे, हौशी मंडळाच्या चिटणीसाचं नाही. सिव्हिल लाइन्समध्ये दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्र आहे. अनेक राज्यांना जोडणं हेच त्याचं काम असल्याने हा दौरा त्याच्या कक्षेत सहज बसतो.

परवान्यांची अडचण सांगितली जाते त्यापेक्षा कमी आहे. २००० च्या ध्वनी नियमांत रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकाला बंदी आहे, पण बंद सभागृहात आतल्या आत वापरायला सूट आहे. तरी कार्यक्रम सातला सुरू करून साडेनऊला संपवावा. शेजाऱ्यांनाही झोप हवी, आणि शेवटची मेट्रोही मिळते. पोलिसांचा परवाना, अग्निशमन विभागाचं ना-हरकत प्रमाणपत्र नेहमीचंच. एक गोष्ट मात्र आयोजक हमखास टाळतात: आयपीआरएसचा (गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचा) परवाना आणि गायलेल्या गाण्यांची यादी. कॉपीराइट कायद्याच्या २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार आणि संगीतकाराचा रॉयल्टीचा हक्क त्याला विकूनही टाकता येत नाही. पण यादीच भरली नाही तर पैसे त्याच्यापर्यंत पोचणार कसे? गीतकाराला बोलवायचं आणि त्याच्या गीताचा हक्क बुडवायचा, हे या खोलीत होऊ नये.

‘नागपूरचे लोक अनोळखी गाणी ऐकायला येणार नाहीत’ हा आक्षेप मी गांभीर्याने घेतो. कराओके आणि जुन्या सिनेगीतांच्या संध्याकाळी इथे भरतात, खासदार सांस्कृतिक महोत्सवासारख्या मैदानी कार्यक्रमांना अफाट गर्दी होते. त्यात वाईट काही नाही. पण त्या गर्दीवरून १८० माणसांचा अंदाज बांधता येत नाही. मोठ्या मैदानाला सगळ्यांना माहीत असलेलं गाणं लागतं, म्हणून आयोजक जुन्या कलाकाराकडून तीच चार गाणी मागतो, आणि कलाकार गेली वीस वर्षं लिहिलेलं घरीच ठेवून येतो. लहान खोलीत ही सक्ती राहत नाही. तीस लाखांच्या आसपास वस्तीच्या शहरात नवं गाणं ऐकायला महिन्यातून एकदा १८० माणसं मिळणार नाहीत, असं मानणं हा इथल्या श्रोत्यांचा अपमान आहे. गझलेला, नाटकाला, शास्त्रीय मैफलीला याच शहराने कान दिले आहेत.

सुरुवातीला नवी इमारत नको. महानगरपालिकेने आपल्या समाजभवनांपैकी एक निवडावं, रस्त्याच्या गोंगाटापासून आत असलेलं, आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळासाठी महिन्यातले दोन शनिवार राखून ठेवावेत. बाहेरच्या गीतकाराआधी पहिली वीस मिनिटं विदर्भातल्या एखाद्या तरुण गीतकाराला द्यावीत, त्याच माइकवर, तेवढ्याच नीट साऊंड चेकने. भाडं खुर्च्यांच्या हिशोबाने घ्यावं, दिवसाच्या ठोक दराने नाही. सोफे बाहेर काढावेत. आणि रॉकवूलचा पहिला गठ्ठा आला की काम मागच्या भिंतीपासून सुरू करावं.